विहिरीचा वारा

जानेवारी २०२४ ला पोरीकडं जर्मनीला गेलो होतो. बाहेर उणे नऊ न घरात मी बनियनवर. हे पहिलेच सांगून टाकतो, कारण परत आल्यावर गावात ज्यानं त्यानं हेच विचारलं, "गुर्जी, तिकडं हिव लय असन ना?" न मी घरात तर लागलंच नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा मूडच जायचा. त्यांना दात वाजल्याची गोष्ट ऐकायची होती. दात वाजले, पण ते विमानतळाबाहेर गाडी येईपर्यंत पंधरा मिनिटं, तेवढेच.

म्युनिकपासून तासाभरावर त्यांचं गाव. गाव म्हणजे आपल्यासारखंच, गाई, शेण, मक्याच्या मुरघासाचा आंबूस वास, फक्त कुत्रे बांधलेले. पोरगी न जवाई एका म्हाताऱ्या बुवाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतात. पहिल्या रात्री तीनलाच झोप मोडली (शरीर अजून आमच्या यवतमाळकडच्या दारव्ह्याच्या टाइमावर होतं), अनवाणी संडासला निघालो न दोन पावलांत थांबलो. फरशी गरम होती. चटका बसेल अशी नाही, मार्च महिन्यात दिवस बुडाल्यावर ओट्यावर बसलं की खालून जशी ऊब लागते, दिवसभराच्या उन्हाची, तशी. आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात उभा जन्म घातलेला माणूस, वहन, अभिसरण, प्रारण तोंडपाठ, पण ही ऊब कुठून येऊन राहिली ते कळेना. धूर नाही, शेगडी नाही, इंग्रजी पिक्चरमध्ये भिंतीला ते लोखंडी नळ्यांचे हीटर दिसतात तेही नाही. खाली बसून फरशीला तळहात लावून पाहत होतो तर पोरगी उठून आली, तिला वाटलं बाबा पडले.

"काय झालं बाबा?"

"काही नाही माय, हे गरम कशानं आहे?"

"विहिरीच्या पाण्यानं," ती म्हणाली न झोपायला गेली.

आता असं उत्तर देऊन कोणी झोपायला जाते का.

सकाळी घरमालकाला गाठलं. त्या म्हाताऱ्याला बहुतेक पहिल्यांदाच कोणी इतक्या हौसेनं तळघर दाखवा म्हणणारा भेटला असेल, त्यानं चहाचा कप तसाच ठेवला न पुढं झाला. तळघरात मोठ्या फ्रिजएवढी पांढरी पेटी, बारीक गुणगुण आवाज, बस. बगिच्यातून दोन जाड पाइप भिंतीतून आत आलेले, त्यांना काळा फोम गुंडाळलेला, न प्रत्येक पाइपावर एक गोल थर्मामीटर. एकावर दहा, दुसऱ्यावर सहा. म्हाताऱ्यानं पहिल्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, न वरच्या मजल्याकडं हात केला. पोरगी भाषांतर करायला उभी होती पण गरज पडली नाही. पाणी दहा डिग्रीनं येते, सहानं जाते, मधले चार डिग्री वर माझ्या पायाखाली.

मग बाहेर नेलं. बर्फ बाजूला सारून लोखंडी झाकण उचललं, खाली सिमेंटची रिंग न रिंगीत एक पाइप, आपल्या बोअरसारखाच, बारा मीटर खोल म्हणाला. त्याला हे लोक विहीर म्हणतात. मी मनात म्हटलं आपली विहीर पाह्यली तर हा आत पडेल. इथपर्यंत ठीक होतं. पण मग तो बर्फातून चालत बगिच्याच्या दुसऱ्या टोकाला गेला, सफरचंदाच्या झाडापाशी, तिथं दुसरं झाकण. हे कशाले? तर हे पाणी परत टाकायला. सहा डिग्रीचं झालेलं पाणी नालीत नाही, झाडाला नाही, जिथून काढलं त्याच थरात परत. पहिल्या विहिरीला ते फोर्डरब्रुनेन म्हणतात, म्हणजे काढायची विहीर, न दुसरीला श्लुकब्रुनेन. पोरगी म्हणाली बाबा, श्लुकेन म्हणजे गिळणे. गिळणारी विहीर.

मला त्या अख्ख्या मशीनीपेक्षा हा शब्दच जास्त आवडला. परत येईपर्यंत घोळत होता डोक्यात.

या दोन विहिरींत अंतर ठेवावं लागते, न गिळणारी विहीर पाण्याच्या वाहाच्या खालच्या अंगाला पाहिजे, नाहीतर थंड केलेलं पाणी फिरून पहिल्या विहिरीत येईल न तुम्ही तेच ते पाणी पुन्हा पुन्हा पिळत बसाल. जमिनीखालचं पाणीही वाहते, हळूहळू, हे आपल्याकडं पानाड्याला, म्हणजे जमिनीतलं पाणी दाखवणाऱ्याला, माहीत असते न बाकी कोणाला नसते. तिथं हे सगळं खणायच्या आधी पाण्याच्या सरकारी ऑफिसची परवानगी लागते, किती काढणार, किती डिग्रीनं परत टाकणार, सगळं लिहून द्यायचं. न पूर्ण रस्त्यात पाण्याला हवा लागू द्यायची नाही. पाण्यात लोह असलं न त्याला हवा लागली की तांबडा गाळ धरते, तो गाळ गिळणाऱ्या विहिरीचा घसा बंद करतो. म्हाताऱ्यानं घशाला हात लावून खोकून दाखवलं.

आता मशीनीचं, हीट पंप म्हणतात तिला. पहिले वाटलं होतं की काहीतरी भारी भानगड असेल, पण तो फ्रिज आहे, उलटा. आपल्या फ्रिजच्या मागं हात लावून पाहा, गरम असते. पावसाळ्यात आमच्या घरी सादळलेल्या काडीपेट्या तिथंच वाळायला ठेवतात. ती ऊब कुठली? तर आत ठेवलेल्या दुधाची, भाजीची, फ्रिजनं ती उपसून मागं टाकली, वर त्याच्या कॉम्प्रेसरनं खाल्लेली वीज त्यातच मिसळली. या घरात फ्रिजच्या आतल्या भाजीच्या जागी विहीर आहे न मागच्या जाळीच्या जागी फरशी. मधे एक गॅस फिरतो, तो असा की दहा डिग्रीच्या पाण्यानंही उकळतो, वाफ होतो, कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, दाबली की ती तापते, तापलेली वाफ फरशीच्या पाण्याला ऊब देऊन पुन्हा पातळ होते, मग एका बारीक व्हॉल्व्हमधून सुटते न गारठते, पुन्हा विहिरीच्या पाण्याकडं. गोल गोल.

म्हाताऱ्याच्या मीटरवर दिसत होतं की घराला आठ किलोवॉट ऊब जाऊन राहिली न वीज दोनच्या आत खाते. शाळेत असतो तर एखाद्या चौकस पोट्ट्यानं लगेच हात वर केला असता की सर, एकाचे चार कसे झाले, तुम्हीच तर सांगितलं ऊर्जा निर्माण करता येत नाही. त्याला मी मोटेचं सांगितलं असतं. मोट ओढणारे बैल पाणी तयार करत नाहीत, असलेलं वर आणतात. आणायला जी ताकद लागते ती पाणी किती खोल आहे त्याच्यावर. इथं पाणी दहा डिग्रीवर आहे न फरशीला तीस-पस्तीस लागते, म्हणजे पंचवीस डिग्रीची मोट. जुन्या घरांत भिंतीवरच्या हीटरला साठ डिग्री लागायची, तिथं हीच मोट पन्नास डिग्री ओढावी लागते न बैल दमतात, वीज फाडते. म्हणून ऊब सगळ्या फरशीभर पसरून कोमट ठेवायची, एका जागी तापवायची नाही. मला हे लय पटलं.

कल्पना जुनी आहे. लॉर्ड केल्विननं १८५२ मध्येच लिहून ठेवलं होतं की एकाच यंत्रानं इमारत तापवताही येईल न थंडही करता येईल, कोळसा सरळ जाळण्यापेक्षा कमी खर्चात. झुरिकच्या टाउनहॉलमध्ये १९३८ ला नदीच्या पाण्यावर चालणारं बसवलं, तिकडं अमेरिकेत पोर्टलंडला १९४८ मध्ये एक बारा-चौदा मजली ऑफिसची इमारत विहिरींच्या पाण्यावर गरम न थंड करायला लागले. तरी लोकांनी गॅसच जाळला, कारण स्वस्त होता. २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियाचा गॅस आटला, भाव भडकले, मग सगळ्यांना विहीर आठवली. याबाबतीत माणूस सगळीकडं सारखाच, आपल्यालाही विहिरीतला गाळ एप्रिलमध्येच आठवतो.

तिथं बसल्या बसल्या मला जे आठवत होतं ते मात्र वेगळंच होतं.

आमच्या वावरातली विहीर पंचेचाळीस फूट. वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण न पाषाणाच्या सांधीतून दोन झिरे. मी नववी-दहावीत असेन, बाबा गव्हाला रातच्या लाईनीनं ओलित करायचे न मी सोबतीला. लाईन रात्री यायची, कधी अकराला, कधी दीडला, हे कित्येक वर्षं बदललं नाही म्हणा, वीज देणाऱ्यांना पाच पिढ्या गहू रातीच पाणी पितो असं वाटते. जानेवारीचं हिव, अंगावर बाबाचं जुनं स्वेटर, डोक्याला दुपट्टा, न पाय उघडे कारण चिखलात चप्पल राहत नाही. दवानं ओला झालेला धुरा तुडवत गेलं की पायाची बोटं आपली राहायची नाहीत. मग मोटर सुरू व्हायची, पाइपातून पहिले फसफस हवा, मग पाणी, न बाबा म्हणायचे, "टाक पाय दांडात." पाय टाकला की ते पाणी गरम. खरंच गरम, कोणी चुलीवरून उतरवून आणल्यासारखं. पायापासून वर चढायचं ते. आम्ही दोघं बारे मोडायचे सोडून काही वेळ दांडातच उभे, बोलणं नाही काही नाही. पहाटे विहिरीत वाकून पाह्यलं तर वाफ वर येऊन राहिलेली दिसायची, बाबा म्हणायचे विहीर घोरून राहिली.

आमच्याकडं सगळे असंच म्हणतात की विहिरीचं पाणी हिवाळ्यात गरम होते न उन्हाळ्यात थंड. नोकरीला लागल्यावर एकदा मोजून पाह्यलं होतं मी. नुसता थर्मामीटर दोरीनं सोडला की वर ओढेपर्यंत पारा बदलतो, म्हणून रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत उभा ठेवला, बाटलीला खाली गोटा बांधला, ती बुडते, भरते, दहा मिनिटं ठेवून काढली की वर येईपर्यंत पारा खालच्याच पाण्यात राहतो. मे महिन्यात सत्तावीस. डिसेंबरात सव्वीस न थोडं वर. म्हणजे विहीर काही करतच नाही. मे महिन्यात हवा पंचेचाळीस असते म्हणून सत्तावीस थंड, न जानेवारीत पहाटे आठ असते म्हणून तेच गरम. पोरांना वर्गात हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नव्हता, एकानं घरी जाऊन बापाला सांगितलं की गुर्जी म्हणते पाणी गरम होतच नाही न बाप मला बाजारात भेटून समजावून गेला.

याचं कारण जमीन. दिवसरात्रीचा फरक जमिनीत हात-दीड हातात मरून जातो, उन्हाळा-हिवाळ्याचा फरक दहा-पंधरा मीटर जाईपर्यंत मरतो, न खाली उरते ती वर्षाची सरासरी. पॅरिसच्या वेधशाळेखाली अठ्ठावीस मीटर खोल तळघर आहे, तिथं अठराव्या शतकातच थर्मामीटर लावून पाह्यला होता, वर्षभर पारा हलेना. म्युनिककडची सरासरी दहाच्या आसपास, म्हणून म्हाताऱ्याचं पाणी दहा. आपली सव्वीस-सत्तावीस. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे साडेतीन डिग्री होतं न २०१३ च्या मे मध्ये सत्तेचाळीसच्या वर, आमचं यवतमाळही काही मागं नसते, हे सगळे तमाशे वरच्या कातडीवर. खाली विहिरीला पत्ता नाही.

काही जणांना वाटते ही ऊब जमिनीच्या पोटातल्या आगीची. लहानपणी आजी आम्हाला पैनगंगेपलीकडं उनकेश्वरला घेऊन गेली होती, तिथं कुंडात गरम पाणी येते, गंधकाचा वास, कातडीच्या आजाराला लोक अंघोळ करतात. ते पाणी मात्र खरंच खोलातून तापून येते. खाली किलोमीटरभर गेलं की पंचवीस-तीस डिग्री वाढतात. विहिरीचं तसं नाही, विहिरीतली ऊब सूर्याचीच, वर्षानुवर्षं मुरलेली.

तर जर्मनीहून आलो न डोक्यात किडा घेऊन आलो. हिशोब सोपा आहे. हजार लिटर पाणी तासाला तीन डिग्रीनं तापलं की साडेतीन किलोवॉट उष्णता घेऊन जाते, म्हणजे एक टनाचा एसी. न आपल्या एसीचं दुःख काय आहे, तो मे महिन्यात स्लॅबवर बसून पंचेचाळीस डिग्रीच्या हवेत उष्णता फेकायला पाहते, उताराच्या ऐवजी चढावर बंडी. त्याला सत्तावीसचं पाणी मिळालं तर अर्ध्या दमात काम होईल. पण कॉम्प्रेसर वगैरे आपल्या बसचं नाही. मी म्हटलं मशीनच नको, नुसतं पाणी फिरवून पाहू.

पुतण्या वेल्डिंगचं काम करतो. त्याला घेऊन तालुक्याच्या भंगारात गेलो, जुन्या ट्रकचं रेडिएटर उचललं आठशे रुपयांत, विकणाऱ्यानं गळत नाही म्हणून शपथ घेतली. घरामागच्या विहिरीवर अर्ध्या हॉर्सपावरची मोटर आहे, तिचा पाइप रेडिएटरला, रेडिएटर मागच्या खिडकीत, त्याच्या पाठीमागं जुन्या कूलरचा पंखा, न बाहेर पडणारं पाणी नळीनं लिंबू-संत्र्याच्या आळ्यात. पाणी वाया नाही, तसंही झाडांना द्यायचंच होतं. पुतण्या म्हणाला, "काकाजी, घराले ट्रक लावून राहिले का?"

मे महिन्याचे दिवस. मागच्या अंगणात बाजेवर पांढऱ्या धोतरावर कुरडया टाकलेल्या, ताज्या, सकाळीच घातलेल्या, गव्हाचा चीक तीन दिवस आंबवून केलेल्या. मी बटन दाबलं. रेडिएटरमध्ये किती वर्षांचा गंज बसलेला होता देव जाणे, पाण्याचा दाब आला, खालचा जोड सुटला न तांबड्या पाण्याची अशी धार निघाली की खिडकी, भिंत, बाज, सगळं एका रेषेत. मी मोटर बंद करायला धावलो तोवर कुरडया झाल्या होत्या शेंदूर लावल्यासारख्या. सौभाग्यवती बाहेर आल्या. एक शब्द बोलल्या नाहीत, धोतराचे चारी कोपरे उचलले, गाठ मारली न ते गाठोडं आणून माझ्या खुर्चीवर ठेवलं. संध्याकाळी म्हणाल्या, "जर्मनीत कुरडया करत नसन ना?" तीन दिवसांची मेहनत होती, मला काय बोलता येणार.

नंतर चिंचेचं पाणी भरून ठेवून रेडिएटर आतून साफ केलं, जोड झाळला, पुन्हा लावलं. न प्रामाणिकपणे सांगतो, मे महिन्यात ते हरलं. बंद खोली एकोणचाळीस, रेडिएटरनं चौतीसवर आणली, न शेजारच्या खोलीतला कूलर तेवढ्याच वेळात एकोणतीस. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताटीला तोड नाही, कोरडी हवा ओल्या ताटीतून गेली की पाणी उडताना हवेची उष्णता ओढून घेते न ती विहिरीच्या बरोबरीला येते, कधी तर खालीही जाते. इतक्या वर्षांत लोकांनी कूलर उगाच धरून ठेवला नाही. शिवाय मे महिन्यात विहिरीला तळ लागलेला, हजार लिटर ताशी दिवसभर कुठून काढायचं. म्हाताऱ्याच्या घराखाली गोट्यांचा थर आहे, हिमनद्यांच्या पाण्यानं आणून टाकलेल्या गोट्यांचा, त्यातून पाणी चाळणीतून यावं तसं येते न जाते. आमच्या पाषाणाला दोन झिरे, तेही एप्रिलमध्ये पाझरल्यासारखे. गिळणारी विहीर केली तरी ती घोट घोट गिळेल. न तिकडं वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात बोअर इतके खोल गेले की तिथं कोणाला पाणी परत टाकायचं सांगायला गेलो तर आधी आणून दे म्हणतील. अकोल्याकडं खारपाणपट्ट्यात तर पाणी असूनही ते मशीनचं तांबं-लोखंड खाऊन टाकेल. त्यामुळं कोणी जर्मनीतलं जसंच्या तसं इथं उभं करतो म्हणाला तर त्याला आधी विहिरीत उतरवून झिरे दाखवावे.

ऑगस्टमध्ये मात्र गंमत झाली. हवा ओली, कूलर लावला की अंग चिकचिक, कारण हवेत आधीच पाणी आहे, अजून पाणी उडणार कुठं. विहीर तुडुंब. रेडिएटर चालू केलं तर खोली दोन-तीन डिग्रीनं उतरली न त्याच्या पत्र्यावर बारीक घाम धरला, म्हणजे हवेतली थोडी ओलही काढली. सौभाग्यवती त्या खोलीत येऊन पापडाचा डबा तपासायच्या निमित्तानं बराच वेळ बसल्या. मी काही बोललो नाही. कुरडयांचं प्रकरण अजून ताजं होतं.

न मग जानेवारी २०२५. हे माझ्या डोक्यातच नव्हतं, खरं सांगतो. एवढं जर्मनीत पाहून आलो, घर गरम करायचं यंत्रच पाहून आलो, न इथं येऊन मे महिन्याच्याच मागं लागलो होतो. आपल्या डोक्यात विदर्भ म्हणजे ऊन. पण पंधरा-वीस दिवस असे येतात की जुन्या मातीच्या घरात पहाटे बारा-तेरा डिग्री असते न म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. माझी आई पंच्याऐंशीची. गुडघे धरतात, शेकायला शेगडी ठेवली की धुरानं खोकते, बिजलीचा हीटर ठेवला की नाक कोरडं पडते न ती तो बंद करायला लावते, शिवाय तिला वाटते तो पेट घेईल. एका पहाटे तिची ती कण्हण ऐकत पडलो होतो न एकदम उठून बसलो. विहिरीत सव्वीस डिग्रीचं पाणी, आईच्या खोलीत तेरा. इथं मोटच लागत नाही, उतारावर आहे सगळं. नुसतं पाणी न पंखा.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर आईच्या खोलीच्या खिडकीत गेलं. रात्री मोटर सुरू केली. पहिली पाच मिनिटं पंखा थंडच हवा फेकतो, आई म्हणाली, "काहून मारतं रे मले." मग हळूहळू. तासाभरात खोली एकोणीसवर आली, न तिथंच थांबली, घर मातीचं असलं तरी वर टिनं आहेत, टिनातून ऊब पळते. पण तेरा न एकोणीस यात फरक किती असतो ते रजई घेऊन बसलेल्या म्हातारीला विचारा. रेडिएटरमधून बाहेर पडणारं पाणी तेवीस-चोवीसवर आलेलं, ते बाहेर संत्र्याला जाऊन राहिलं. हे सगळं अर्ध्या हॉर्सपावरच्या मोटरवर न एका पंख्यावर. मांजर पहिल्याच रात्री येऊन खिडकीखाली बसलं, त्याला हिशोब न सांगता कळला.

आईला मी समजावून सांगितलं की हे विहिरीचं पाणी आहे, त्याची ऊब आहे. तिनं दोन्ही पाय बाजेवरून खाली सोडून हवेत धरले. बराच वेळ. मग म्हणाली, "तुहे बाबा ओलितावरून सकाळी आले की त्याचे पाय गरम राहे. हात थंडगार न पाय गरम. मी म्हणो, हे काय जी, तं म्हणे विहिरीनं शेकले." मला हे माहीत नव्हतं. पाणी गरम लागते हे मला माहीत होतं, ते घरापर्यंत यायचं हे नव्हतं माहीत. आता ती त्या पंख्याला विहिरीचा वारा म्हणते. "लाव रे विहिरीचा वारा." न पहाटे चारला बंद करायला लावते, लाईनीचं बिल येते म्हणून.

हे सगळं मी पोरीला फोनवर सांगितलं, तिनं खाली जाऊन म्हाताऱ्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. आकडा पाहिजे म्हणाला. मग मी ती काचेची बाटली पुन्हा काढली, गोटा बांधला, विहिरीत सोडली न वर काढून थर्मामीटरचा फोटो पाठवला. थोड्या वेळानं व्हिडिओ कॉल आला, मागं तळघरातली ती पांढरी पेटी दिसत होती. म्हातारा काहीतरी जोरजोरात बोलून राहिला होता, पोरगी हसत होती.

"बाबा, ते म्हणतात सव्वीस डिग्री म्हणजे विहीर नाही, सूप आहे. आज इथं बाहेर पाच डिग्री आहे न त्यांच्या फरशीत सध्या अठ्ठावीसचं पाणी फिरून राहिलं. तुमची विहीर इथं असती तर ते ही मशीनच विकून टाकतील म्हणतात."

मी म्हटलं, सांग त्यांना, मे महिन्यात त्यांचं दहा डिग्रीचं पाणी इकडं पाठवा न आमचं तिकडं न्या, पाइपाचा खर्च अर्धा अर्धा. तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या, कागद घेतला न खरंच काहीतरी गुणाकार करायला लागला.